दिवसभर कामं करतेस, मग रात्रीच कशी दुखते?

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून):

"मी ३१ वर्षांची, बारामती तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. सात वर्षं झाली, कंबर दुखते. पहाटे तीन-साडेतीनला दुखण्यानेच जाग येते. कूस बदलायला हाताचा टेकू घ्यावा लागतो. उठून हॉलमध्ये फेऱ्या मारल्या की जरा बरं वाटतं. सकाळी बेसिनवर वाकून तोंड धुता येत नाही, पण शाळेत पोचेपर्यंत अंग मोकळं होतं आणि मग दिवसभर उभी राहून शिकवते. रविवार झोपून काढला की सोमवारी जास्त आखडते. कधी डाव्या कुल्ल्यात दुखतं, कधी उजव्या. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं. हाडांच्या डॉक्टरांनी कमरेचा एमआरआय काढला आणि 'एक गादी किंचित फुगलीय, तेवढं सगळ्यांचंच असतं, रिपोर्ट नॉर्मल आहे' म्हणाले. तिसऱ्यांनी सांगितलं, बाळंतपणानंतर बायकांची कंबर धरतेच. चौथ्यांनी फाइल उघडलीही नाही, टेन्शन घेऊ नका म्हणाले आणि मनाच्या गोळ्या लिहून दिल्या. गेल्या वर्षी दाढ दुखली तेव्हा दाताच्या डॉक्टरांनी पाच दिवस गोळ्या दिल्या. ते पाच दिवस मात्र मी सकाळपर्यंत झोपले. सासूबाई म्हणतात, रिपोर्ट चांगला आलाय ना, मग? नवरा समजूतदार आहे, पण परवा तोही म्हणाला, 'दिवसभर सगळी कामं करतेस, मग रात्रीच कशी दुखते?' आता मलाच शंका येते, मला खरंच दुखतं की मी उगाच बाऊ करते? मुलगा चार वर्षांचा आहे. त्याला उचलून घेताना भीती वाटते."

प्रिय ताई,

तुमच्या मिस्टरांचा प्रश्न मी तीनदा वाचला. त्यांनी तो वैतागून विचारला असेल, तुम्हाला तो लागलाही असेल. पण सात वर्षांत तुमच्या दुखण्याबद्दल कुणी विचारलेला हा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. चार डॉक्टरांपैकी एकाने जरी तो विचारला असता आणि उत्तर ऐकायला दोन मिनिटं थांबले असते, तर तुमची फाइल वेगळ्या वाटेला लागली असती.

कंबरदुखी बहुतेकांची असते ती अशी: काम केलं, ओझं उचललं, एसटीत धक्के बसले की वाढते आणि पाठ टेकली की थांबते. दिवस कलताना कंबर भरून येते, रात्री झोप लागते. तुमचं सगळं उलटं आहे. विश्रांती घेतली की वाढतं, हललं की कमी होतं. पहाटे जाग येते. सकाळी अंग लाकडासारखं होतं आणि शाळेत पोचेपर्यंत सुटतं. दुखणं कुल्ल्यांत बाजू बदलतं. सुरुवात झाली तेव्हा तुम्ही २४ वर्षांच्या होतात. आणि सुजेवरच्या गोळ्यांनी (दाताचे डॉक्टर बहुधा त्याच देतात) एक-दोन दिवसांत फरक पडला. पत्रात तुम्ही हे ओघात लिहून गेलात, पण ते सगळं एकत्र ठेवलं की त्याला वैद्यकात नाव आहे: दाहामुळे, म्हणजे सांध्यांच्या आतल्या सुजेमुळे, होणारी कंबरदुखी. दिवसा कामं करता येतात आणि रात्री दुखतं, हे तुम्ही खोटं बोलत असल्याची खूण नाही. या आजाराची खूणच ती आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, डॉक्टर नाही, आणि पत्रावरून निदान करता येत नाही. पण तुम्ही आज माझ्यासमोर बसला असतात, तर मी तुम्हाला व्यायाम शिकवण्याआधी चिठ्ठी लिहून रुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाततज्ज्ञाकडे पाठवलं असतं. चिठ्ठीवर एकच प्रश्न लिहिला असता: अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे का, किंवा त्याची आधीची, एक्स-रेत अजून न दिसणारी पायरी, जिला नॉन-रेडिओग्राफिक ॲक्सियल स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस म्हणतात?

नाव ऐकून घाबरू नका. आपल्याकडे 'स्पॉन्डिलायटिस' हा शब्द मानदुखीला सर्रास वापरतात आणि त्यामुळे घोळ होतो. वयोमानाने मणके झिजतात, लोक त्याला 'मणक्यात गॅप आला' म्हणतात, तो स्पॉन्डिलोसिस. हा आजार वेगळा. यात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच कण्याच्या सांध्यांवर उलटते. बहुतेक वेळा सुरुवात होते ती कणा आणि कटीचं हाड जिथे जुळतं त्या दोन सांध्यांत. पाठीमागे कमरेखाली दोन खळ्या दिसतात ना, साधारण तिथे. डॉक्टर त्यांना एसआय जॉइंट म्हणतात. तिथला दाह कुल्ल्यात जाणवतो आणि मग त्याला सायटिका म्हणून मोकळं होतात. दाह वर्षानुवर्षं तसाच राहिला तर काहींच्या मणक्यांमध्ये हाड भरत जातं आणि कणा ताठ होतो. सगळ्यांचं तसं होत नाही. पण कुणाचं होईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून वेळेत ओळखायला हवं.

आता एमआरआयबद्दल, कारण तुमच्या घरात सगळं त्या एका कागदावर अडलंय. तो रिपोर्ट खोटा नाही. पण तो कशाचा आहे ते बघा. कमरेचा नेहमीचा एमआरआय मणके, गाद्या आणि नसा पाहण्यासाठी असतो. एसआय जॉइंट त्यात धड येत नाहीत, आणि आले तरी त्या कोनातून नीट दिसत नाहीत. त्यांचा एमआरआय वेगळा काढावा लागतो, त्या सांध्यांच्या दिशेने तिरका, आणि त्यात 'स्टर' नावाच्या पद्धतीची चित्रं घ्यावी लागतात. त्यात हाडातली सूज पांढरी चमकते. एक्स-रेवर बदल दिसायला अनेकदा कितीतरी वर्षं जातात, तोवर एक्स-रे स्वच्छ येतो. थोडक्यात, तुमच्या पुढच्या दाराशी चोर आहे का ते पाहून आले आणि मागच्या दाराबद्दल निश्चिंत राहा म्हणाले.

रक्ताचंही तसंच. ईएसआर आणि सीआरपी या दाहाच्या तपासण्या, पण हा आजार असलेल्या अनेकांच्या त्या नॉर्मल येतात. एचएलए बी-२७ नावाच्या जनुकाची एक तपासणी आहे. १९७३ साली या आजाराशी त्या जनुकाचं नातं कळलं. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहे असं होत नाही, बी-२७ असणाऱ्या बहुसंख्य माणसांना आयुष्यभर काही होत नाही. निगेटिव्ह आली म्हणजे आजार नाही असंही नाही. म्हणून एकेका कागदावरून निकाल लावणाऱ्याकडे जाऊ नका. तुमची हकिगत, तपासणी, रक्त आणि चित्र एकत्र मांडणारा डॉक्टर हवा. बाळंतपणानंतर काही काळ निरोगी बायकांच्याही एसआय जॉइंटमध्ये सूज दिसू शकते. तुमचा मुलगा चार वर्षांचा आहे, तरी ही माहिती त्या डॉक्टरांना आवर्जून द्या.

बाळंतपणाचा विषय निघालाच आहे तर एक साधा हिशेब. दुखणं सुरू होऊन सात वर्षं झाली, मूल चार वर्षांचं. त्या डॉक्टरांनी तारीख विचारली असती तर हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालंच नसतं. बायकांच्या बाबतीत हे फार होतं. पूर्वी हा आजार पुरुषांचाच समजला जायचा, पुस्तकांत तसंच लिहिलेलं असायचं. आता माहीत झालंय की एक्स-रेत न दिसणाऱ्या पायरीवर बायका आणि पुरुष जवळपास सारखेच आढळतात. तरी बाईची कंबर दुखली की आधी बाळंतपण, मग कॅल्शियम, मग टेन्शन. जगभर या आजाराचं निदान व्हायला सरासरी कित्येक वर्षं लागतात, आणि बायकांना पुरुषांहून जास्त. तुमची सात वर्षं त्यातलीच आहेत, ताई. त्यात तुमची चूक शोधू नका.

मला हे लिहिताना एक मुलगा आठवतो. मी नवी होते, प्रॅक्टिसचं तिसरं वर्ष. आयटीआयला शिकणारा, बावीसेक वर्षांचा. सकाळी आखडतं म्हणायचा. मी त्याला तपासलं, पाय उचलून पाहिले, नसेवर दाब नव्हता. मी त्याला बसायची पद्धत सुधारायला सांगितली आणि वर म्हटलं, "तुला काही झालेलं नाही, तरुण आहेस, विश्रांती घे." विश्रांती! त्याला नेमकी जी घ्यायला नको होती, ती. तीन वर्षांनी तो परत आला. मी दाराच्या बाजूला उभी होते, हाक मारली, तर त्याची मान वळली नाही. तो पूर्ण अंगाने वळला. त्या वळण्याने मला जे शिकवलं ते कॉलेजात शिकले नव्हते. त्याने मला काही बोलून दाखवलं नाही. मी त्याची माफी मागितली, पण त्याची गेलेली तीन वर्षं मला परत देता आली नाहीत. तेव्हापासून कंबर धरून येणाऱ्या प्रत्येक तरुण माणसाला मी पहिला प्रश्न विचारते: रात्री किती वाजता जाग येते?

म्हणून डॉक्टरांबद्दल मी सरसकट वाईट बोलणार नाही. ओपीडीत ऐंशी पेशंट असतात, त्यात कंबरदुखीचे पंधरा, आणि त्यातल्या बहुतेकांचं दुखणं खरोखर स्नायूंचं किंवा गादीचं असतं. हा आजार त्या गर्दीत हरवतो. पण फाइल न उघडता मनाच्या गोळ्या देणं याला गर्दीचं कारण पुरत नाही, आणि तुम्हाला त्याचा राग आला असेल तर तो रास्त आहे.

इथे एक गोष्ट मला काळजीने सांगायची आहे. डॉक्टर विश्वास ठेवत नाहीत असं दिसलं की पेशंट दुखण्याचा आकडा वाढवत जातो. "फार दुखतं", "सहन होत नाही", मग डोळ्यांत पाणी येतं. आणि समोरचा माणूस तेवढंच पाहतो, 'घाबरलेली आहे' असं मनात नोंदवतो. किती दुखतं हे पटवायला जाऊ नका. कधी दुखतं ते सांगा. दुखण्याची तीव्रता कुणाला दिसत नाही, पण वेळ लिहिता येते, मोजता येते, आणि ती नाकारणं अवघड असतं.

एक पान लिहून न्या, एकच. साधारण असं: "वय ३१. दुखणं २४व्या वर्षी हळूहळू सुरू झालं, पडले-झडले नव्हते. रोज पहाटे ३ ते ४ दरम्यान जाग येते, उठून चालल्यावर कमी होतं. सकाळी इतकी मिनिटं आखडलेलं असतं. विश्रांतीने वाढतं, हालचालीने कमी होतं. कुल्ल्यांत आलटून पालटून दुखतं. दाढेसाठी अमुक गोळी पाच दिवस घेतली तेव्हा कंबर दुखली नाही." गोळीचं नाव दाताच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असेल, ती शोधा. याखाली चार प्रश्नांची उत्तरं लिहा, ती तुमच्या पत्रात नाहीत. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाच दुखते का? कधी एकच डोळा लाल होऊन आतून ठणकला होता का, उजेड सहन न होणारा? त्वचेवर खवले धरणारे चट्टे, किंवा महिनोन्महिने पोट बिघडणं, शौचातून रक्त? आणि घरात, तुमच्या माहेरी विशेषतः, कुणी पाठीतून वाकलेले, मान न वळणारे मामा, काका, आजोबा आहेत का? आईला फोन करून विचारा. 'म्हातारपणाने वाकले' म्हणून सोडून दिलेली माणसं अनेक घरांत असतात.

डोळ्याचं मी मुद्दाम वेगळं सांगते. या आजारात साधारण चारातल्या एकाला कधी ना कधी डोळ्याच्या आत दाह होतो. 'डोळे आले' समजून मेडिकलमधून थेंब आणले तर नजर धोक्यात येऊ शकते. तसं झालं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि कंबरेचंही सांगा.

डॉक्टरांसमोर पान ठेवून शांतपणे विचारा: "हे दाहाचं दुखणं असू शकतं का? नसेल तर कशावरून नाही?" या दुसऱ्या प्रश्नाला कुणीही 'टेन्शन' हे उत्तर देऊन सुटू शकत नाही. संधिवाततज्ज्ञ तालुक्याला मिळणं कठीण आहे, पुणं तुम्हाला जवळ. खासगी फी जड जात असेल तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात संधिवाताची ओपीडी कुठल्या वारी असते ते आधी फोन करून विचारा. जाताना जुने कागद सगळे न्या, एमआरआयची फिल्म किंवा सीडीसुद्धा, नुसता रिपोर्ट नको. कुठे तुम्हाला दाखल केलं असेल आणि ते कागद द्यायला टाळाटाळ करत असतील, तर २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो स्पष्ट लिहिलाय. संकोच करू नका.

तुमच्या शेजारच्या भिगवणचं एक सांगते. १९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे घरोघर जाऊन लोकांना हाडा-सांध्यांची दुखणी विचारली, जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेल्या एका मोठ्या उपक्रमात. दवाखान्यात कोण येतं ते न पाहता उंबऱ्यावर जाऊन विचारलं. तुमच्या भागातल्या बायाबापड्यांचं दुखणं कुणीतरी वहीत गांभीर्याने लिहून घेतलंय, हे मला तुम्हाला सांगावंसं वाटलं.

निदान झालं तर पुढे काय, ही भीती असेल. उपाय आहेत. सुजेवरच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि रोजचा व्यायाम, हे पहिलं. त्याने भागलं नाही तर बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेली, दाह रोखणारी इंजेक्शनं आहेत. ती महाग असतात, पण २०१४ च्या अखेरीस ॲडॅलिम्युमॅब या इंजेक्शनाचं जगातलं पहिलं समधर्मी औषध (बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच दुसऱ्या कंपनीने बनवलेलं) भारतातच बाजारात आलं, आणि त्यानंतर किमती खूप उतरल्या. ही सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करतातच, ती टाळू देऊ नका. पुढे दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर तोही पहिल्याच भेटीत सांगा, गोळ्या त्याप्रमाणे निवडाव्या लागतात.

तोवर काय करू नये ते नीट ऐका. दाढेची ती गोळी मनाने सुरू ठेवू नका, पोट आणि किडनी दोन्हीला त्रास होऊ शकतो. वैदूची पुडी घेऊ नका. तिने चमत्कारासारखा आराम पडला तर अशा पुड्यांमध्ये अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं हे लक्षात घ्या. कणा 'बसवून' देणाऱ्याकडे, झटका देणाऱ्याकडे चुकूनही जाऊ नका. ताठरलेल्या कण्याला तसा झटका दिला तर हाड मोडू शकतं. आणि चौथ्या डॉक्टरांनी दिलेल्या मनाच्या गोळ्या घेत असाल तर रागाने एकदम बंद करू नका, विचारून हळूहळू कमी करा. सात वर्षं झोप न झालेल्या माणसाचं मन थकतंच, त्याला औषध लागलं तर त्यात कमीपणा नाही. फक्त त्याने कंबरेचा तपास थांबायला नको.

संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, एकाच मणक्यावर बोट ठेवलं की कळ, असं असेल तर मणक्याचा टीबी आधी तपासायला हवा, आपल्याकडे तो आजही आहे. पायातली ताकद गेली, बसायच्या जागेची संवेदना गेली किंवा लघवी अडली तर त्याच घटकेला मोठं हॉस्पिटल. यासाठी माझ्या उत्तराची वाट पाहू नका.

मिस्टरांना पुढच्या वेळी बरोबर न्या, पत्रातलं सगळं त्यांच्यासमोर बोला. त्यांना क्रिकेट आवडत असेल तर इंग्लंडचा कप्तान माइक ॲथर्टन आठवत असेल. १९९५ साली जोहान्सबर्गला ६४३ मिनिटं खेळून नाबाद १८५ धावा काढल्या आणि कसोटी वाचवली. त्याला हाच आजार होता. मैदानावरच्या त्या माणसाकडे पाहून कुणाला त्याची सकाळ कळली असती का?

सासूबाईंशी वाद घालू नका, एवढंच सांगा की एमआरआय दुसऱ्या जागेचा होता.

सगळ्या तपासण्या होऊनही हा आजार निघाला नाही, असंही होऊ शकतं. तेव्हाही दुखणं खरंच असेल आणि त्याचं दुसरं कारण शोधावं लागेल. मला पुन्हा लिहा, आपण तिथून पुढे पाहू.

मुलाला उचलायची भीती वाटते म्हणालात. उभ्याने वाकून उचलू नका. खुर्चीत किंवा पलंगावर बसा आणि त्यालाच मांडीवर चढू द्या, चार वर्षांचं पोर आवडीने चढतं. सकाळी उठल्या उठल्या कामाला लागण्याआधी कोमट पाण्याने कंबर शेकून अंघोळ करा आणि दहा मिनिटं घरातच चाला. शाळेत एका तासापेक्षा जास्त बसून राहू नका.

आणि आज रात्री उशाशी वही-पेन ठेवून झोपा. जाग आली की मनाला काही विचारत बसू नका, आधी घड्याळ पाहा आणि वेळ लिहा. मग उठून फेऱ्या मारा. बरं वाटायला किती मिनिटं लागली, तेही खाली लिहा. असे पंधरा दिवस.

तुमची,
ताई